आंकड्यांची हौस आणि आठवणींचें दारिद्र्य

मराठवाड्यांत सध्यां लग्न, बारसें, मुंज, यात्रा, मिरवणूक यांपैकीं कोणतेंहि कार्य दहा-पांच मोबाईल वर धरल्यावांचून पार पडत नाहीं. यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं. ज्या प्रांतांत पुष्कळ घरांतून पणजोबांचें एकहि छायाचित्र आढळत नाहीं, तेथें आज नांदेडच्या हमालाच्या आणि लातूरच्या आडत्याच्या खिशांत सारखेंच चलच्चित्र घेणारें यंत्र असावें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार यंत्राविषयीं नाहीं. तें वापरण्याविषयीं जी एक खुळी समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि रुजत चालली आहे, तिच्याविषयीं आहे. ती समजूत अशी कीं, मोबाईलच्या सेटिंगमध्यें जो सर्वांत मोठा आंकडा दिसेल तो निवडावा, म्हणजे चित्रण सर्वांत उत्तम होतें. आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. घरगुती चित्रणास हा मोठा आंकडा बहुधा निरुपयोगी असतो. इतकेंच नव्हे, तर तो अपायकारक असतो. कारण जें टिकवावें म्हणून आपण मोबाईल उचलतों, तेंच त्याच्या पायीं गमावून बसतों.

प्रथम या आंकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊं. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक झपाट्यानें दाखविलेलीं स्थिर चित्रें. आणि प्रत्येक चित्र म्हणजे बारीक बारीक बिंदूंची जाळी. या बिंदूंच्या संख्येस रेझोल्यूशन म्हणतात. ज्यास ‘१०८०’ म्हणतात त्या चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८० मिळून २०,७३,६०० बिंदु असतात. ज्यास ‘फोर-के’ म्हणतात त्यांत आडवे ३,८४० व उभे २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदु असतात, बरोबर चौपट. दुसरा आंकडा सेकंदास किती चित्रें घ्यावयाचीं याचा. तो बहुधा २४, ३० किंवा ६० असतो. हे दोन आंकडे दुकानदार हौसेनें सांगतो. तिसरा आंकडा मात्र कोणी सांगत नाहीं, आणि घरधन्यास पुढें भोंवतो तो तोच. तो म्हणजे फाइलीचा आकार.

आयफोनच्या सेटिंगमध्यें त्याच्या निर्मात्यानेंच हा हिशेब मांडून ठेविला आहे. नव्या पद्धतीच्या संक्षेपानें एका मिनिटाच्या चित्रणास ७२० च्या जाळीवर ३० चित्रांच्या वेगानें सुमारें ४० एमबी लागतात. १०८० व ३० ला ६०. १०८० व ६० ला ९०. फोर-के व ३० ला १७०. आणि फोर-के व ६० ला ४००. इतर मोबाईलांत हे आंकडे थोडेफार मागेंपुढें होतील, परंतु चढण अशीच उभी आहे. म्हणजे सर्वांत मोठा आंकडा निवडणारा गृहस्थ मिनिटागणिक साडेसहा पटींहून अधिक जागा खर्च करतो. या खर्चाच्या बदल्यांत त्यास काय मिळतें, हें कोणी पाहिलें आहे काय?

कोणी म्हणेल, “चौपट बिंदु मिळतात, म्हणून चौपट स्पष्टता मिळते.” हा हिशेब भोळा आहे. १०८० च्या जाळीवर सेकंदास ३० चित्रें जशींच्या तशीं सांठवावयाचीं म्हटलीं, तर प्रत्येक सेकंदास सुमारें १८७ एमबी लागतील. फाइलींत प्रत्यक्ष जातो सेकंदास १ एमबी. उरलेलें सर्व यंत्र टाकून देतें. मागच्या चित्रापेक्षां पुढच्या चित्रांत जें बदललें तेवढेंच टिपतें आणि बाकीचें अदमासानें भरून काढतें. फोर-के व ६० च्या चित्रणास याच हिशेबानें सेकंदास सुमारें १,४९३ एमबी लागले असते. मिळतात सातांहूनहि कमी. म्हणजे लहान जाळींत मूळ मालाचा १८७ वा भाग उरतो, तर मोठ्या जाळींत सुमारें २२४ वा. जाळी मोठी झाली, पण प्रत्येक बिंदूच्या वांट्यास येणारा ऐवज उलट घटला. घर मोठें बांधावें आणि माणशीं भाकरी कमी वाढावी, त्यांतलाच हा प्रकार आहे.

बरें, जें मिळतें तें डोळ्यांस दिसतें काय? निकोप दृष्टीच्या माणसास अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनाचें अंतर वेगळें ओळखतां येत नाहीं, असें ढोबळमानानें धरतात. त्या मापानें ४३ इंची टीव्हीवर १०८० चे बिंदु साडेपांच फुटांपलीकडे बसलेल्यास सुटे दिसत नाहींत. आणि आमच्या दिवाणखान्यांतून टीव्हीसमोर नाक लावून कोणी बसत नाहीं. साडेसहा इंची मोबाईलवर तेच बिंदु दहा इंचांपलीकडे एकजीव होतात. शिवाय हें चित्रण बहुतेक नातलग पाहतात तें व्हॉट्सॲपवर आलेलें. आणि व्हॉट्सॲप साध्या रीतीनें पाठविलेला व्हिडिओ वाटेंतच आवळून लहान करतें. म्हणजे ४०० एमबींचें मिनिट टिपावयाचें, त्यानें मोबाईल भरावयाचा, आणि मावशीस मुखेडला दिसावयाचें तें त्याचें वाळलेलें सालपट! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं जणूं याचसाठीं करून ठेविली असावी.

सेकंदास ६० चित्रांच्या हौसेविषयीं तर थोडें अधिक स्पष्ट बोललें पाहिजे. बोलपट सुरू झाल्यापासून चित्रपटगृहांत सेकंदास २४ चित्रें हेंच प्रमाण चालत आलें आहे. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला, तेव्हां चित्रें कमी पडलीं अशी तक्रार कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट आमच्या मंगल कार्यालयांतील संध्याकाळच्या उजेडांत ६० चा आकडा चित्राचें नुकसानच करतो. सेकंदास ६० चित्रें घ्यावयाचीं म्हणजे प्रत्येक चित्रावर उजेड पडण्यास सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ मिळूंच शकत नाहीं. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. तिच्यावरचे पुष्कळ दिवे सेकंदास १०० वेळां मंदावतात व उजळतात. चित्रावर काळे पट्टे सरकूं द्यावयाचे नसतील, तर उजेडाचा काल सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या पटींत ठेवावा लागतो. ३० च्या वेगांत पन्नासावा भाग बसतो. ६० च्या वेगांत तो बसत नाहीं, म्हणून शंभरावाच घ्यावा लागतो. उजेड निम्मा झाला. मग यंत्र तो कृत्रिम रीतीनें वाढवितें आणि नवरीच्या चेहऱ्यावर मुंग्या फिरूं लागतात.

त्यांत पुन्हां आमच्याकडील लग्नें होतात चैत्र-वैशाखांत. नांदेडचा पारा त्या दिवसांत चाळीस अंश सहज ओलांडतो. आयफोनचा निर्माता आपलें यंत्र शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेंत वापरावें असें सांगतो. जाळी जितकी मोठी आणि वेग जितका अधिक, तितकें यंत्रास काम अधिक आणि तितकें तें तापतें. तापलेला मोबाईल स्वतःच्या रक्षणासाठीं चित्रण थांबवितो. आणि तो नेमका मंगलाष्टकें चालूं असतांना थांबला, म्हणजे मोठ्या आंकड्याचें सर्व वैभव कोणाच्या उपयोगीं पडलें?

तथापि येथपर्यंत सांगितलेलें नुकसान आम्हांस गौण वाटतें. खरें नुकसान वेळेचें आहे. फोर-के व ६० वर तासाभराचें चित्रण २४ जीबींचें होतें. १०८० व ३० वर तेंच ३.६ जीबींत बसतें. गूगलकडे फुकट मिळणारी जागा १५ जीबी आहे. तींत मोठ्या आंकड्याचीं ३७ मिनिटें मावतात. मध्यम आंकड्याचे चार तासांहून अधिक मावतात. याचा परिणाम असा होतो कीं, माणूस तुकड्यातुकड्यांनीं टिपूं लागतो. केक कापला, दहा सेकंद. नवरा घोड्यावर चढला, पंधरा सेकंद. आजोबा बोलूं लागले कीं हात बटणाकडे जातो, कारण जागा संपत आलेली असते. आणि मग एके दिवशीं ‘मेमरी भरली’ अशी सूचना येते, तेव्हां जें मोठें आहे तें आधीं पुसलें जातें. मोठ्या फाइली यादींत सर्वांत वर दिसतात, हाच त्यांचा अपराध.

ही गोष्ट इतर प्रांतांपेक्षां आमच्या प्रांतास अधिक जड जाणारी आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झालें. तेव्हां दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. निजामी अंमलांतील उर्दू शाळा, रझाकारांच्या भीतीनें रात्रींतून सोडलेलें गांव, सरहद्दीवरचे तळ, आणि गांव सोडून जाऊं न शकलेल्यांचे हाल, हें सर्व ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें अशीं माणसें आतां कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूर या भागांतील घरांतून बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं असतील. तीं ज्या बोलींत बोलतात तींत तेलंगणाच्या व कर्नाटकाच्या शेजाराचे आणि दखनी उर्दूचे शब्द मिसळलेले आहेत. तसें मराठी नातवंडांस बोलतां येणार नाहीं. आणि त्या माणसांच्या समोर बसलेल्या नातवाच्या खिशांत काय आहे? अठ्ठावीस वेळां टिपलेल्या आतषबाजीनें भरून गेलेला मोबाईल!

किल्लारीचें उदाहरण याहून जवळचें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व आतां धाराशिव म्हणविणाऱ्या जिल्ह्यांत भूकंप झाला, सुमारें दहा हजार माणसें गेलीं, आणि कित्येक गांवें दुसऱ्या जागीं नव्यानें वसवावीं लागलीं. जुन्या गांवांतील दगडमातीचे वाडे, चावडी, पार, कोणाचा उंबरा कोणाच्या भिंतीस लागलेला होता, हें आतां केवळ माणसांच्या तोंडीं उरलें आहे. त्या जुन्या गल्लीचें एक मिनिटभराचें अंधुक चलच्चित्र जर आज कोणाच्या पेटींत निघालें, तर तेथील माणूस त्याचे बिंदु मोजीत बसेल काय? तो आपलें दार शोधील. जी गोष्ट भूकंपाची, तीच एप्रिल २०१६ ची. त्या महिन्यांत मिरजेहून लातुरास पाण्याची रेल्वे आली. तहानलेल्या शहराच्या इतिहासांतील तो प्रसंग. मोबाईल तर तेव्हां घरोघर होते. परंतु त्या उन्हाळ्यांत टँकरच्या रांगेंत उभी राहिलेली आपली आई कितीजणांजवळ आज जतन आहे?

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला आक्षेप असा कीं, मेमरी आतां स्वस्त झाली आहे. ती स्वस्त झाली हें खरें. पण जी वस्तु एकाच ठिकाणीं ठेविली ती ठेविलीच नाहीं असें समजावें. मोबाईल पडतो, हरवतो, पाण्यांत जातो. हार्ड डिस्क एके सकाळीं फिरावयाची थांबते. म्हणून निदान दोन प्रती पाहिजेत, आणि दोन प्रतींस दुप्पट जागा. शिवाय बाजारांतील पुष्कळसे पेनड्राइव्ह अजून फॅट-३२ या जुन्या रचनेचे असतात, आणि तीं रचना ४ जीबींहून मोठी एक फाइल पोटांत घेत नाहीं. फोर-के व ६० ची अखंड फाइल ही मर्यादा दहा मिनिटांत गांठते. १०८० व ३० ची तासाभराहून अधिक चालते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठविलें तर चित्रण न आवळतां जातें खरें. पण तेथेंहि २ जीबींची मर्यादा आहे. म्हणजे मोठ्या आंकड्याचीं पांच मिनिटें, मध्यम आंकड्याचीं तेहतीस. जें सहज हलवितां येतें तेंच चार घरीं पोंचतें, आणि जें चार घरीं पोंचतें तेंच टिकतें.

दुसरा आक्षेप भविष्याचा. पुढें भिंतीएवढे पडदे येतील, तेव्हां आजचें १०८० चें चित्रण दरिद्री दिसेल, असें कित्येक तरुण सांगतात. दिसो बापडें! हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईस कुस्तीचें आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें चलच्चित्र घेतलें. त्या चित्रणांचीं आज नांवें तेवढीं पुस्तकांत सांपडतात. पाहावयास तीं मिळत नाहींत. तीं अस्पष्ट होतीं म्हणून गेलीं नाहींत. तीं राहिलीं नाहींत म्हणून गेलीं. उद्यांचा पडदा आजच्या चित्रास मोठें करून दाखवील. पण आज पुसलेलें चित्र तो कोठून आणणार? जें मागें उरतें त्याच्याच गुणदोषांची चर्चा संभवते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही मान्य करतों. कांहीं कामांस मोठी जाळी हवीच. होट्टलच्या देवळांवरील शिल्पें किंवा कंधारच्या किल्ल्यांतील कोरीव लेख टिपावयाचा असेल, तर मोबाईल तिपाईवर ठेवून भर उजेडांत फोर-के जरूर वापरावें. अक्षराची एक रेघ हरवली तर अर्थ बदलतो. माळेगांवच्या यात्रेंतील कुस्ती किंवा लेझीम यांसारख्या चपळ हालचालीस दिवसाउजेडीं ६० चा वेग शोभतो. व्यवसायानें चित्रण करणारा फोर-केमधून हवा तेवढा भाग कापून घेतो, त्यासहि आमची ना नाहीं. आमचा विरोध साधनास नाहीं. विचार न करतां सर्वत्र तेंच साधन वापरण्यास आहे. शिल्पास जी जाळी लागते ती आजीच्या बोलण्यास लागत नाहीं. तिला वेळ लागतो.

आणि आवाज लागतो. हा मुद्दा तर या आंकड्यांच्या गलक्यांत कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. फोर-के निवडल्यानें आवाजाची प्रत तिळभरहि सुधारत नाहीं. मोबाईल दहा फुटांवर, वर पंखा घरघरतो आहे, शेजारीं टीव्ही चालूं आहे. अशा स्थितींत टिपलेली आजी लख्ख दिसते पण ऐकूं येत नाहीं. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांतील ज्या ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजांत ऐकावयास मिळतात, त्यांची किंमत कशांत आहे? गाणारीच्या गळ्यांत, तिच्या शब्दांत, ती जेथें थांबते त्या थांबण्यांत. ज्यांस आपल्या घरांतील म्हातारी माणसें पुढच्या पिढीस भेटवावयाचीं आहेत, त्यांनीं प्रथम पंखा बंद करावा. सेटिंग मागाहून पाहावें.

मग करावें काय? आमचें सांगणें थोडक्यांत असें. घरगुती चित्रणासाठीं मोबाईल १०८० व ३० वर आणून ठेवावा आणि तेथेंच राहूं द्यावा. लांब मुलाखतीस, किंवा शिकवणीच्या फळ्यावरील गणितास, जागा अगदींच थोडी असेल तर ७२० हि पुरतें. दोन तासांचें बोलणें ४.८ जीबींत मावतें. मोबाईल दोन-तीन हातांवर, खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा, उशीस किंवा डब्यास टेकवून स्थिर ठेवावा. बटण दाबावें आणि गप्प बसावें. बोलणारा अडखळला तर थांबवूं नये. बहुधा त्या अडखळण्यापलीकडेच खरी गोष्ट असते. संपल्यावर फाइलीस माणसाचें नांव, गांव व तारीख द्यावी, कारण बिननांवाची फाइल आणि हरवलेली फाइल यांत फारसें अंतर नाहीं. मग तिच्या दोन प्रती दोन घरीं ठेवाव्या. एक नांदेडला असेल तर दुसरी पुण्यास किंवा लातुरास.

लातुरांत शिकवण्यांसाठीं खेडोपाडींहून आलेलीं हजारों मुलें राहतात. परीक्षा संपली कीं तीं घरीं जातील. त्यांच्या पालकांस आमची विनंती आहे कीं, गुण कितीहि पडोत, या सुटींत मुलाकडून एवढें एक काम करून घ्यावें. त्याच्या मोबाईलमधील पन्नास जीबींची आतषबाजी त्यास पुसूं द्यावी, सेटिंगमधील मोठा आंकडा खालीं आणवावा, आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसासमोर त्यास दोन तास बसवावें. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुती ८३ लाख बिंदूंत उतरली नाहीं, म्हणून पुढें कोणी हळहळणार नाहीं. तो काय म्हणाला हें कोणास ऐकावयास मिळालें नाहीं, तर मात्र पुढची पिढी आम्हांस विचारील, आणि तेव्हां आमच्याजवळ सांगावयास मोबाईलच्या खोक्यावर छापलेला एक मोठा आंकडा तेवढा उरेल.